लॅक्टासिस्टिन आणि पेशीतील प्रथिनांचे विघटन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी या शाखांचे पदवी व पदव्युत्तर विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. प्रथिनांच्या विघटनाचा भाग शिकताना त्यांना जे प्रश्न पडतात, ते येथे एकत्र केले आहेत. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारांमुळे ‘प्रोटिअसोम’ हा शब्द पहिल्यांदाच कानावर पडलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांचेही काही प्रश्न त्यांत आहेत. उत्तरे शक्य तितकी सोपी ठेवली आहेत. मात्र जेथे तपशील महत्त्वाचा आहे, तेथे तो गाळलेला नाही.

लॅक्टासिस्टिन म्हणजे काय?

स्ट्रेप्टोमायसीस वंशाच्या, मातीत राहणाऱ्या एका जिवाणूने तयार केलेले हे लहानसे सेंद्रिय संयुग आहे. त्याचा रेणुभार सुमारे ३७६ आहे, म्हणजे ज्या यंत्रणेला ते रोखते तिच्या तुलनेत ते अतिशय क्षुद्र आहे. ती यंत्रणा म्हणजे प्रोटिअसोम, आपल्या पेशींतील नको असलेली प्रथिने मोडणारा प्रचंड विकरसमूह. लॅक्टासिस्टिन हे औषध नाही. संशोधनाचे साधन म्हणूनच ते ओळखले जाते आणि त्याच कामासाठी विकले जाते.

पेशीला स्वतःचीच प्रथिने मोडण्याची गरज का पडते?

आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रथिने तयार कशी होतात यावर प्रकरणेच्या प्रकरणे असतात आणि ती मोडतात कशी यावर जेमतेम एक परिच्छेद असतो. त्यामुळे विघटन म्हणजे केवळ केरकचरा काढणे, असा समज होतो. तो अपुरा आहे. चुकीची घडी पडलेली किंवा झिजलेली प्रथिने काढून टाकणे हे विघटनाचे एक काम झाले. पण योग्य वेळी योग्य प्रथिन नाहीसे करून पेशीला पुढच्या टप्प्यावर नेणे हे त्याहून नाजूक काम आहे. पेशीविभाजनात सायक्लिन नावाची प्रथिने ठरावीक वेळी वाढतात आणि ठरावीक वेळी नष्ट केली जातात. ती नष्ट झाली नाहीत, तर विभाजन पूर्णच होत नाही. अर्बुदाला आवर घालणारे पी५३ हे प्रथिन निरोगी पेशीत सतत तयार होते आणि साधारण अर्ध्या तासाच्या आतच निम्मे मोडलेही जाते. हा अपव्यय वाटतो. पण डीएनएला इजा झाली की केवळ हे मोडणे थांबवून पेशी काही मिनिटांत पी५३चा साठा वाढवू शकते, नव्याने निर्मिती सुरू होण्याची वाट तिला पाहावी लागत नाही.

प्रोटिअसोम काम कसे करतो?

मोडायच्या प्रथिनावर आधी खूण केली जाते. ही खूण म्हणजे युबिक्विटिन, ७६ अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन. एकाला एक जोडत युबिक्विटिनची साखळी तयार होते आणि ती दिसली की प्रोटिअसोम ते प्रथिन पकडतो. या खुणेच्या यंत्रणेच्या शोधासाठी आरॉन चिखानोव्हर, अव्राम हर्ष्को आणि आयर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रोटिअसोमचा गाभा, ज्याला २०एस म्हणतात, पोकळ नळकांड्यासारखा असतो. सात-सात उपघटकांच्या चार कड्या एकावर एक रचून तो बनतो, म्हणजे एकूण २८ उपघटक. बाहेरच्या दोन कड्या अल्फा आणि आतल्या दोन बीटा. या गाभ्याच्या टोकांना १९एस हा नियंत्रक भाग जोडला की २६एस प्रोटिअसोम तयार होतो. कडबाकुट्टीत वैरण एका अरुंद तोंडातूनच सरकते आणि पाते आत असल्यामुळे बाहेर हात कापत नाही. तशीच ही रचना आहे. कापणारी केंद्रे आतल्या पोकळीत असल्यामुळे आसपासची गरजेची प्रथिने सुरक्षित राहतात. १९एस भाग युबिक्विटिन काढून घेतो, ते पुन्हा वापरासाठी मोकळे करतो, एटीपी (पेशीचे ऊर्जा पुरवणारे द्रव्य) खर्च करून प्रथिनाची घडी उलगडतो आणि सरळ झालेला धागा आत ढकलतो. आत त्याचे लहान लहान तुकडे होतात.

कापण्याचे काम बीटा-१, बीटा-२ आणि बीटा-५ हे तीन उपघटक करतात. प्रत्येकाची आवड वेगळी आहे : बीटा-१ आम्लधर्मी अमिनो आम्लांनंतर, बीटा-२ अल्कधर्मी अमिनो आम्लांनंतर आणि बीटा-५ मोठ्या जलविरोधी अमिनो आम्लांनंतर कापतो. तिघांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे साखळीच्या अगदी पहिल्या जागेवरील थ्रिओनिन हे अमिनो आम्ल. ही थ्रिओनिनची जागा ध्यानात ठेवावी, कारण पुढची सगळी कथा तिच्याभोवतीच फिरते.

लॅक्टासिस्टिनचा शोध कसा लागला?

टोकियोच्या कितासातो संस्थेत सातोशी ओमुरा आणि त्यांचे सहकारी मातीतील जिवाणूंच्या किण्वन-द्रवांमध्ये उपयुक्त संयुगे शोधत असत. हेच ओमुरा पुढे अॅव्हरमेक्टिन या परजीवीनाशक द्रव्याच्या शोधासाठी २०१५ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी प्रोटिअसोमचा विचारही केलेला नव्हता. उंदराच्या चेतापेशींपासून निघालेल्या अर्बुदाच्या पेशी, ज्यांना न्यूरो-२ए म्हणतात, त्यांना तंतू फुटावेत असे एखादे द्रव्य मिळते का, एवढेच ते पाहत होते. एका स्ट्रेप्टोमायसीसच्या द्रवाने ते घडवून आणले. पेशींचे विभाजन थांबले आणि त्यांना चेतापेशींसारखे तंतू फुटू लागले.

पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये ई. जे. कोरी यांच्या गटाने हे संयुग प्रयोगशाळेत रचले. त्यामुळे त्याचे हवे तसे बदललेले नमुने आणि किरणोत्सारी हायड्रोजन घातलेले नमुने तयार करणे शक्य झाले. असा खुणेचा नमुना पेशींना दिल्यावर तो नेमका कोणत्या प्रथिनाला चिकटतो, हे शोधता आले. १९९५ मध्ये फेंटिअॅनी, श्रायबर, कोरी आणि सहकाऱ्यांनी उत्तर प्रसिद्ध केले : लक्ष्य आहे २०एस प्रोटिअसोमचा बीटा-५ उपघटक. विशेष म्हणजे बंध पहिल्या थ्रिओनिनवरच जडलेला होता. याच सुमारास स्फटिक-अभ्यासांतूनही प्रोटिअसोमचे कापणारे केंद्र म्हणजे थ्रिओनिन हे स्पष्ट होत होते. विकरांचा हा अगदी वेगळाच वर्ग होता आणि तो ओळखण्यात मातीतल्या एका रेणूचा वाटा होता, याचे महत्त्व विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचायला हवे असे मला मनापासून वाटते.

ते प्रोटिअसोमला नेमके कसे रोखते?

लॅक्टासिस्टिन स्वतः थेट काम करत नाही. पाण्यात त्याच्यापासून एन-अॅसिटिलसिस्टीन हा भाग सुटतो आणि उरलेल्या रेणूत चार अणूंचे ताणलेले वलय तयार होते. यालाच बीटा-लॅक्टोन म्हणतात; ओमुरांच्या सन्मानार्थ त्याला ओमुरालाइड असेही नाव आहे. पेशीच्या पटलातून आत शिरते ते हेच रूप. बीटा-५ मधील थ्रिओनिनचा हायड्रॉक्सिल गट प्रथिनाचा धागा कापण्याऐवजी या वलयावर हल्ला करतो, वलय उघडते आणि थ्रिओनिन त्या रेणूशी एस्टर बंधाने जखडला जातो. बीटा-१ आणि बीटा-२ वर परिणाम होतो, पण तो बराच मंद असतो.

हा बंध इतक्या हळू सुटतो की प्रयोगाच्या कालावधीत तो कायमचा मानला जातो. बीटा-लॅक्टोन मात्र पाण्यात अल्पायुषी असते. पीएच वाढला की ते आणखी लवकर फुटून निकामी होते. पेशीच्या आत त्यातले काही ग्लुटाथायोन या पेशीतल्याच लहान रेणूशी जोडले जाते आणि त्या जोडरेणूपासून पुन्हा थोडे थोडे लॅक्टोन मोकळे होते, असेही आढळले आहे.

प्रोटिअसोम थांबल्यावर पेशीत काय घडते?

युबिक्विटिनची खूण लागलेली प्रथिने तासाभरातच साचू लागतात. आयकप्पाबी हे प्रथिन मोडले जात नाही, त्यामुळे त्याने धरून ठेवलेला एनएफ-कप्पाबी हा घटक केंद्रकात जाऊ शकत नाही आणि दाहाशी व पेशीच्या जगण्याशी संबंधित अनेक जनुके चालू होत नाहीत. पी५३, विभाजनाला आवर घालणारी पी२१ व पी२७ ही प्रथिने आणि सायक्लिन-बी यांचे प्रमाण वाढते. विषाणूच्या प्रथिनांचे जे तुकडे पेशी आपल्या पृष्ठभागावर प्रतिकारशक्तीला दाखवते, तेही बहुतांशी प्रोटिअसोमच कापत असल्यामुळे ते दाखवणे मंदावते. ही गोष्ट सिद्ध करण्यात लॅक्टासिस्टिनचा उपयोग झाला.

पेशी अर्थातच प्रतिकार करते. ताणाची प्रथिने, विशेषतः एचएसपी-७०, वाढवली जातात. चुकीच्या घडीची प्रथिने केंद्रकाजवळ एका जागी गोळा केली जातात. एनआरएफ-१ हा घटक सक्रिय होऊन नवे प्रोटिअसोम बनवण्याचे आदेश देतो. एवढे करूनही अडथळा टिकला, तर पेशी स्वतःच्या नियोजित मृत्यूचा मार्ग स्वीकारते.

लायसोसोमही प्रथिने मोडतो. मग तोही थांबतो का?

नाही. लायसोसोम ही पटलाने वेढलेली वेगळी पिशवी असून तिच्यातील विकरे आम्लधर्मी वातावरणात चालतात. त्यातही कॅथेप्सिन-ए या एका विकराला लॅक्टासिस्टिन रोखते, एवढा अपवाद लक्षात घ्यावा. लायसोसोम रोखायचा असेल तर संशोधक बॅफिलोमायसिन वापरतात आणि तेही स्ट्रेप्टोमायसीसचेच देणे आहे. ल्युपेप्टिन हे संयुगही त्याच वंशातून मिळाले, पण त्याचे मुख्य लक्ष्य सिस्टीन व सेरीन वर्गातील विकरे हे आहे. परीक्षेत या तिघांची गल्लत नेहमी होते.

एखादा जिवाणू असे संयुग बनवतो तरी कशासाठी?

लॅक्टासिस्टिनपुरते बोलायचे तर मातीतील स्पर्धक बुरशी, आदिजीव आणि पेशीत केंद्रक असलेले इतर जीव यांच्याविरुद्धचे अस्त्र, हे सर्वांत सरळ स्पष्टीकरण आहे. त्याच्या एका दूरच्या नातलगाबाबत मात्र पुरावा भक्कम आहे. स्यूडोमोनास सिरिंगी हा वनस्पतींवर रोग पाडणारा जिवाणू सिरिंगोलिन-ए नावाचे प्रोटिअसोमरोधक बनवतो. जिवाणूची चाहूल लागताच पान आपली पर्णरंध्रे मिटून घेते. सिरिंगोलिन ही बचावाची कृती निष्फळ करते आणि रंध्रे उघडी राहिल्याने जिवाणूला आत वाट मिळते. म्हणजे प्रोटिअसोम रोखणे हे येथे घरफोडीचे हत्यार ठरते.

दुसरा प्रश्न याहून रोचक आहे : असे विष बनवणारा जिवाणू स्वतः कसा वाचतो? बहुतेक जिवाणूंना २०एस प्रोटिअसोम नसतोच, पण स्ट्रेप्टोमायसीस ज्यात मोडतो त्या अॅक्टिनोबॅक्टेरिया या गटात तो असतो. क्षयाच्या जिवाणूतही तो आहे. सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका हा बहामाजवळच्या सागरी गाळातून मिळालेला जिवाणू सॅलिनोस्पोरामाइड-ए नावाचे, लॅक्टासिस्टिनसारखेच पण अधिक प्रभावी संयुग बनवतो. त्याच्या जनुकसंचात ते संयुग बनवणाऱ्या जनुकांशेजारीच एका वेगळ्या बीटा उपघटकाचे जनुक आहे आणि त्या उपघटकावर या विषाचा जोर चालत नाही.

नाशिक परिसरातील मातीत असे जिवाणू सापडतील का?

स्ट्रेप्टोमायसीस नक्कीच सापडतील. वळवाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीतून येणारा गंध ज्या जिओस्मिनमुळे येतो, ते मुख्यतः हेच जिवाणू बनवतात. निफाड-दिंडोरीकडील काळी जमीन असो वा त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडील डोंगरउतारांची माती, नमुना सावलीत वाळवून, विरळ करून स्टार्च-केसीन अगारवर पसरला, की आठवड्याभरात खडूसारख्या भुकटीच्या, अगारमध्ये घट्ट रुतलेल्या वसाहती दिसतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पांत हे काम आवर्जून केले जाते.

अडचण पुढे येते. आपल्याकडील बहुतेक प्रकल्पांत वेगळे केलेले जिवाणू ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस यांच्याविरुद्ध तपासले जातात आणि भोवती स्वच्छ वलय, म्हणजे ते जिवाणू न वाढलेली जागा, दिसले नाही, तर नमुना टाकून दिला जातो. लॅक्टासिस्टिन बनवणारा जिवाणू या चाचणीत बहुधा नापास होईल, कारण ज्यांच्यावर तपासले त्या दोन्ही जिवाणूंत तो ज्याला रोखतो असा प्रोटिअसोमच नाही. ओमुरांना ते संयुग मिळाले, कारण त्यांनी चेतापेशींवर पाहिले. म्हणून माझी मार्गदर्शक शिक्षकांना आग्रहाची विनंती आहे की, वलय न देणारे नमुनेही ग्लिसेरॉलमध्ये जतन करावेत. शुद्ध २०एस प्रोटिअसोम आणि प्रकाशमान होणारे पेप्टाइड यांची चाचणी करणारी एखादी मोठी प्रयोगशाळा पुढे सहकार्याला तयार झाली, तर तेच नमुने उपयोगी पडतील. नमुने परदेशी संस्थेकडे पाठवायचे झाल्यास जैविक विविधता अधिनियम, २००२ लागू होतो, हे मात्र विसरू नये.

बागायतीत वापरले जाणारे कासुगामायसीन याच प्रकारचे आहे का?

नाही, त्याचे काम नेमके उलट टोकाचे आहे. कासुगामायसीनही स्ट्रेप्टोमायसीसपासूनच मिळते, परंतु ते रायबोसोमवर प्रथिन तयार होण्याची सुरुवात रोखते. लॅक्टासिस्टिन तयार झालेल्या प्रथिनाचे मोडणे रोखते. शेतीत लॅक्टासिस्टिनचा कोणताही वापर नाही.

रुग्णांना लॅक्टासिस्टिन देतात का?

देत नाहीत. पाण्यात ते टिकत नाही आणि पुरेसे निवडकही नाही. परंतु प्रोटिअसोम रोखता येतो आणि तसे केल्यास काही कर्कपेशी इतर पेशींआधी मरतात, हे दाखवण्यात त्याचा मोठा हातभार लागला. मल्टिपल मायलोमामध्ये अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी अमाप वाढतात. या पेशी प्रतिपिंडे बनवण्यासाठीच घडलेल्या असल्यामुळे त्यांच्यात प्रथिननिर्मिती प्रचंड असते, बिघडलेल्या प्रथिनांचे प्रमाणही मोठे असते आणि त्यामुळे प्रोटिअसोम थांबला की त्यांची सर्वांत आधी कोंडी होते.

या आजारासाठी अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळालेले बोर्टेझोमिब हे पूर्णपणे मानवनिर्मित, बोरॉनयुक्त औषध आहे आणि त्याचा बंध सुटणारा आहे. २०१२ मध्ये मान्यता मिळालेल्या कारफिल्झोमिबचे मूळ मात्र सूक्ष्मजीवात आहे. एका अॅक्टिनोमायसीटपासून मिळालेल्या इपॉक्सोमिसिनचा अभ्यास येल विद्यापीठात क्रेग क्रूज यांच्या गटाने केला आणि त्यातूनच हे औषध आकाराला आले. इपॉक्सोमिसिन थ्रिओनिनला दोन ठिकाणी धरते : हायड्रॉक्सिल गटाला आणि त्याच्याच अमिनो गटाला. अशी दोन्ही ठिकाणे एकत्र इतर विकरांत मिळत नाहीत, म्हणून त्याची निवडकता फार चांगली आहे. तोंडाने घ्यायचे इक्साझोमिब २०१५ मध्ये आले.

घरात कोणाला बोर्टेझोमिब चालू आहे. आहारात काही पथ्य आहे का?

एक गोष्ट ठामपणे सांगता येते. ग्रीन टीमधील ईजीसीजी हे द्रव्य बोर्टेझोमिबच्या बोरॉनला चिकटून त्याचा परिणाम नाहीसा करू शकते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. म्हणून या औषधाच्या काळात ग्रीन टी आणि विशेषतः तिच्या अर्काच्या गोळ्या टाळण्यास सांगितले जाते. जीवनसत्त्व-क च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांबाबतही डॉक्टरांना आधी विचारावे. हातापायांना मुंग्या येणे, आग होणे किंवा बधिरपणा हा या औषधाचा परिचित दुष्परिणाम आहे. ‘थोडे सहन करू’ असे म्हणून तो लपवू नये, कारण मात्रा वेळीच कमी केली तर त्रास बहुधा आटोक्यात येतो. नागिणीचा धोका वाढत असल्याने प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात, त्या मध्येच सोडू नयेत.

अश्वगंधेतही प्रोटिअसोम रोखणारे द्रव्य आहे, हे खरे का?

अश्वगंधेतील विथाफेरिन-ए हे द्रव्य प्रोटिअसोमला रोखते, असे कर्कपेशींवरील प्रयोगांत आढळले आहे. त्यावरून अश्वगंधा चूर्ण हे मायलोमाच्या औषधाला पर्याय आहे, असा अर्थ निघत नाही. चालू उपचारांसोबत ते घ्यायचे असल्यास कर्करोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगूनच घ्यावे.

प्रयोगात लॅक्टासिस्टिन वापरताना कोणती काळजी घ्यावी?

कोरडी भुकटी उणे २० अंशांवर ठेवावी. द्रावण डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात करून लहान भागांत गोठवावे आणि तेच तेच भाग पुन्हा पुन्हा वितळवू नयेत. पाण्यातील द्रावण आदल्या दिवशी करून ठेवणे म्हणजे निष्फळ प्रयोगाची तयारी करणे होय. सस्तन प्राण्यांच्या पेशींसाठी साधारण ५ ते १० मायक्रोमोलर मात्रा वापरली जाते. तुलनेच्या पेशींना तितकेच डीएमएसओ द्यावे. कालावधी काही तासांचाच ठेवावा, कारण रात्रभर ठेवलेल्या पेशींत जे दिसते ते प्रथिन न मोडल्यामुळे की पेशी मरू लागल्यामुळे, हे सांगता येत नाही.

आपल्याकडे पेशीसंवर्धनाची सोय मर्यादित असल्यामुळे अनेक विद्यार्थी यीस्टवर प्रयोग करू पाहतात. साध्या यीस्टच्या पेशीत अशी संयुगे नीट शिरत नाहीत किंवा शिरली तरी बाहेर फेकली जातात; त्यासाठी पीडीआर-५ किंवा ईआरजी-६ जनुक काढलेले प्रकार वापरावे लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे संयुगच खराब निघाले, असा निष्कर्ष काढला जातो.

एमजी-१३२ स्वस्त आहे. तेच वापरले तर चालणार नाही का?

प्राथमिक चाचणीसाठी चालेल. एमजी-१३२ हे मानवनिर्मित पेप्टाइड-अल्डिहाइड असून त्याचा परिणाम पेशी धुतल्यावर ओसरतो. मात्र ते कॅल्पेन आणि काही कॅथेप्सिन या प्रथिने मोडणाऱ्या इतर विकरांनाही रोखते. म्हणून ‘अमुक प्रथिन प्रोटिअसोममुळेच मोडते’ असे लिहायचे असेल, तर वेगळ्या रासायनिक कुळातील दुसऱ्या रोधकाने, म्हणजे लॅक्टासिस्टिन किंवा इपॉक्सोमिसिनने, तोच निकाल मिळायला हवा.

आपल्या प्रथिनाचे प्रमाण वाढले, एवढा पुरावा पुरेसा आहे का?

पुरेसा नाही. प्रोटिअसोम थांबल्यावर ताणामुळे त्या प्रथिनाचे जनुकच अधिक जोमाने चालू झाले असेल, तरी प्रमाण वाढलेले दिसेल. म्हणून सायक्लोहेक्झिमाइड देऊन नवी निर्मिती बंद करावी आणि ठरावीक वेळांनी नमुने घेऊन ते प्रथिन किती वेगाने कमी होते ते रोधकासह व रोधकाविना मोजावे. त्याच नमुन्यांत युबिक्विटिनची खूण लागलेल्या प्रथिनांचा साठा वाढला की नाही, हेही वेस्टर्न ब्लॉटने (प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीने) तपासावे; तो वाढलेला नसेल, तर रोधकाने आपले काम केलेलेच नाही आणि बाकीच्या आकड्यांवर चर्चा करण्यापूर्वी प्रयोग नव्या द्रावणाने पुन्हा करावा.